फडावर गेल्यावर बाळाच्या लसीचं काय?

प्रश्न : आम्ही बीड जिल्ह्यातले. दसरा झाला की लेक-जावयाची जोडी ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे जाते, यंदा नातीला सांभाळायला मीही जाणार. नात तीन महिन्यांची आहे. दीड आणि अडीच महिन्यांची लस गावात झाली, साडेतीनची तारीख फडावर असताना येते. तिकडचा पत्ता आमच्याकडे नाही. लस मिळेल का? पैसे पडतील का? उशीर झाला तर पहिल्यापासून टोचावं लागतं म्हणतात, ते खरं का?
— एक आजी

उत्तर : ताई, मी आरोग्य सेविका म्हणून नोकरी केली ती कारखान्याच्याच पट्ट्यात, त्यामुळे ऊसतोड्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, मला नव्या नाहीत. सरकारी लसीला गाव नसतं. रेशनकार्ड कुठलं, आधार आहे का, यावर ती अडत नाही. उपकेंद्रात, अंगणवाडीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात एक रुपयाही द्यायचा नाही. न्यूमोनियाची जी लस तिला साडेतीन महिन्यांना मिळेल, तिच्या एका डोसला खासगीत हजाराच्या वर मोजावे लागतात.

पहिल्यापासून टोचावं लागतं, हे मीही फार ऐकलंय. तसं नाही. राहिलेला डोस तिथून पुढे देतात. पेंटाच्या, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लसीच्या, दोन डोसांत निदान चार आठवडे हवेत. पण म्हणून लांबवू नका. त्या पाचांतलाच डांग्या खोकला लहान बाळाला फार वाईट धरतो.

साडेतीन महिन्यांच्या दिवशी तिला पोलिओ आणि रोटाचा (जुलाबावरच्या लसीचा) डोस तोंडातून मिळेल. शिवाय तीन सुया : डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत न्यूमोनियाची, उजव्या दंडावर पोलिओची. तीन बघून आयांचा जीव घाबरतो आणि ‘एक आज, बाकी पुढच्या वेळी’ म्हणतात. फडावर पुढची वेळ कुठली? एकाच दिवशी घेतलेल्या चालतात. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. रात्री ताप येऊ शकतो, सिस्टरनी सांगितलेल्या मापानेच पॅरासिटामॉल द्या. सुईच्या जागी हळद, तेल काही लावू नका.

खरी अडचण वेगळीच. लसीचा दिवस ठरलेला असतो आणि त्या दिवशी आई पहाटेच फडात गेलेली असते. थांबली तर खाडा पडतो. आम्ही दुपारी कोप्यांवर जायचो, तेव्हा तिथे म्हाताऱ्या आणि पोरंच. ‘आईला विचारल्याशिवाय नाही’ म्हणून म्हातारी परत पाठवायची, आणि आम्ही लसींचा भरलेला डबा घेऊन माघारी. म्हणून लेकीशी आत्ताच बोलून ठेवा आणि बाळाला तुम्हीच घेऊन जा. पोचल्या पोचल्या तिथल्या आशाताईला गाठा; मुकादमाला तिचं घर ठाऊक असतं. त्याच्यावर मात्र सोडू नका, त्याच्या डोक्यात टनाचा हिशोब असतो.

माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर घ्या, मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. कार्ड नसलं तरी लस नाकारणार नाहीत, पण आधी काय दिलंय ते कळायला नको का? यू-विनवर, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर, नोंद केली असेल तर कुठला मोबाइल नंबर दिलाय तेही जावयाला विचारून घ्या.

नऊ महिने तिला एप्रिलच्या सुमारास भरतील. गोवर-रुबेलाची पहिली लस तेव्हा. कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, गावी परतला असाल तर गावात घ्या, नसाल तर तिथेच.