सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या दगडाचे वय कार्बन पद्धतीने काढता येईल का?

दगडाचे नाही. कार्बन-१४ हा किरणोत्सारी समस्थानिक, म्हणजे कार्बनचाच हळूहळू क्षय पावणारा प्रकार, सजीव हवेतून आणि अन्नातून सतत घेत असतात. मृत्यूनंतर ही आवक थांबते आणि दर ५,७३० वर्षांनी उरलेला साठा निम्मा होतो. किल्ल्याचा दगड बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा खडक आहे; तो कधीच सजीव नव्हता, त्यामुळे त्याच्या बाबतीत हे घड्याळ सुरूच होत नाही. त्याचे वय पोटॅशियम-४० पासून तयार होऊन खडकात अडकलेल्या आरगॉन-४० वरून काढतात. या पोटॅशियमचे अर्धायुष्य, म्हणजे साठा निम्मा होण्याचा काळ, सुमारे १२५ कोटी वर्षे आहे. दख्खनच्या बेसाल्टचे वय या मार्गाने साधारण ६.६ कोटी वर्षे येते, पण ती लाव्हा थिजण्याची वेळ झाली, तट बांधण्याची नव्हे. गवंड्याने दगड कधी रचला, हे दगडातील आरगॉन सांगू शकत नाही.

बांधकामाचा काळ हवा असेल, तर चुन्यात सापडणारा कोळशाचा कण किंवा दारा-छतातील मूळ लाकूड तपासावे. मात्र जुन्या खोडाचा गाभा तोडणीच्या कितीतरी आधीचा असतो, म्हणून शक्यतो बारीक फांदीचा किंवा कडब्यासारख्या एका हंगामाच्या वनस्पतीचा अवशेष निवडतात. चुनाही घट्ट होताना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषतो, त्यामुळे तत्त्वतः तोही चालतो; परंतु भट्टीत पूर्ण न भाजलेला चुनखडीचा खडा त्यात राहिला, तर त्यातील मृत, म्हणजे कार्बन-१४ न उरलेल्या, कार्बनमुळे वय फुगून येते. सहा-सातशे वर्षांच्या वास्तूसाठी उत्तर काही दशकांच्या पट्ट्यात मिळते, नेमके साल नाही. तिथे शिलालेखच अधिक भरवशाचा, असे माझे मत आहे.