समन्स गावी, प्रतिवादी विरारला

माहेर राजापूर तालुक्यात, राहणं विरारला, अशा एका ताईंचा प्रश्न आहे. चुलतभावाने जमिनीच्या वाटपाचा दावा लावला. समन्स गावच्या घरी गेलं आणि वहिनीने सही करून घेतलं. भाऊ फोनवर ‘कोर्टाचा कागद आलाय’ एवढंच म्हणाला. पुढे एकतर्फी हुकूमनामा झाला, म्हणजे ताईंच्या गैरहजेरीतच कोर्टाचा निकाल लागला, त्यात ताईंचा हिस्साच नाही. गणपतीला गावी गेल्यावर त्यांना हे कळलं. वकिलाला पैसे नाहीत, म्हणतात. चाकरमान्यांच्या घरोघरी हीच तऱ्हा आहे.

ताई, मुलीचा हक्क तुम्हाला ठाऊक आहे, तो इथे उगाळत नाही. हिस्सा किती बसेल हे कागद पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही, आणि आज तो प्रश्नही नाही. सगळं अडलंय ते समन्सच्या मागे बेलिफाने, म्हणजे समन्स बजावणाऱ्या कोर्टाच्या माणसाने, लिहिलेल्या चार ओळींवर.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 5 नियम 15 प्रमाणे, प्रतिवादी घरी नसेल आणि वाजवी वेळात सापडण्याची शक्यता नसेल, तर कुटुंबातल्या सज्ञान माणसाकडे समन्स देता येतं. पण तो माणूस प्रतिवादीसोबत राहणारा हवा. वहिनी तुमच्यासोबत राहत नाही. रेशनकार्ड, आधार, वीजबिल असे विरारचे जुने पुरावे काढून ठेवा. आदेश 9 नियम 13 खाली हुकूमनामा रद्द करून मागण्याचा तुमचा मुख्य मुद्दा हाच.

समोरचा वकील मात्र याच नियम 13 मधल्या परंतुकावर, म्हणजे ‘पण’ लावून घातलेल्या अटीवर, बोट ठेवील: सुनावणीची तारीख माहीत होती आणि हजर राहायला पुरेसा वेळ होता, तर बजावणीतल्या निव्वळ अनियमिततेवर हुकूमनामा रद्द होत नाही. म्हणून तो फोन नाकारू नका. तारीख आणि कोर्ट सांगितलं नव्हतं, हे खरं असेल तर तुम्ही शपथपत्रावर सांगा, भावालाही सांगायला लावा. आणि स्पष्टच बोलतो, तो कागद कसला हे तेव्हाच उलट विचारलं असतंत तर आज ही पाळी आली नसती.

आता मुदत. समन्स रीतसर बजावलं नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून 30 दिवस. तुम्हाला कळलं गणपतीत, लिहिताय शिमग्याच्या तोंडावर. मधले महिने तलाठ्याकडे हेलपाटे घालण्यात गेले. तलाठी दिवाणी हुकूमनाम्याला हात लावू शकत नाही! आता मुदत कायद्याच्या कलम 5 खाली विलंबमाफीचा अर्ज जोडावाच लागेल, आणि त्यात कधी कुठे गेलात हे तारखांसह यायला हवं. ‘अज्ञानामुळे उशीर झाला’ या एका वाक्यावर माफी मिळेल असं धरून चालू नका.

दावा, समन्स, बेलिफाचा अहवाल, रोजनामा (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं याची नोंद) आणि हुकूमनामा यांच्या नकलांसाठी लगेच अर्ज करा, पण नकलांसाठी मुख्य अर्ज अडवून ठेवू नका. अपिलाच्या मुदतीतून नकलेचा काळ वजा होतो, ती सवलत इथे गृहीत धरू नका. अपीलही घाईने लावू नका. ते फेटाळलं गेलं तर नियम 13 चा रस्ता बंद होतो.

पैशांची अडचण खरी आहे, पण विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. राजापूरच्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. ऑनलाइन अर्जाची सोय आहे, 15100 वर फोन करूनही माहिती मिळते. दाव्याची सद्यस्थिती ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने फुकट पाहता येते.

18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरात बसतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गाची मुंबईची फेरी त्याने वाचली, हे चांगलंच झालं. पण तुमच्यासारखीला खालच्या कोर्टातली पहिली तारीखच कळत नाही, तिला वरच्या बेंचचा काय उपयोग? ईमेलने समन्स पाठवायची तरतूद 2002 च्या दुरुस्तीपासून संहितेत आहे. चुलतभावाकडे तुमचा मोबाईल नंबर नसेल, हे पटत नाही. वाटपाच्या दाव्यात प्रत्येक प्रतिवादीचा सध्याचा पत्ता आणि नंबर वादीने शपथेवर दिल्याशिवाय दावा नोंदवूनच घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं. मोजणीची नोटीस आली आहे का, हे भावाला आजच विचारा. आली असेल तर अर्जासोबतच स्थगिती मागा.