स्क्रीनवरून थेट छाप

प्रश्न : मोबाइलवर फोटोपेपर ठेवून छाप काढतो. चित्र धूसर येतं, पांढरा भाग राखाडी पडतो. सायनोटाइपच्या (उन्हात निळी छाप उमटणाऱ्या) कागदावर तर काहीच उमटत नाही. असं का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : सायनोटाइपला अतिनील किरण लागतात. स्क्रीन ते जवळपास देतच नाही, तो नाद सोडा. ब्रोमाइड पेपरच, म्हणजे नेहमीचा काळा-पांढरा फोटोपेपर, घ्या.

धूसरपणा काचेमुळे येतो. पिक्सेल आणि कागद यांच्यामध्ये काच असते, तिथे प्रकाश पसरतो. आधी टेम्पर्ड ग्लास काढा, कागदाची चकचकीत बाजू स्क्रीनला टेकवा, वरून जड पुस्तक ठेवा. तरी बारीक अक्षरं फुटतातच. ठळक आकारांची चित्रं निवडा. छापेत काळ्याचं पांढरं होतं आणि चित्र आरशातल्यासारखं येतं, म्हणून चित्राचे रंग उलटे करा आणि डावं-उजवंही. नाइट मोड बंद हवा, कारण तो निळा प्रकाश कापतो आणि कागदाला तोच हवा असतो. ब्राइटनेस सगळ्यात कमी ठेवून 1, 2, 4, 8 सेकंदांची चाचणीपट्टी काढा, म्हणजे किती वेळ प्रकाश द्यायचा ते कळेल.

राखाडी झाक कशामुळे येते ते कळायला एक कागद स्क्रीनला न लावताच डेव्हलप करा, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात (डेव्हलपरमध्ये) बुडवा. तोही राखाडी आला तर दोष अंधाऱ्या खोलीतल्या लाल दिव्याचा, डेव्हलपरचा किंवा जुन्या कागदाचा. पांढरा राहिला तर बहुधा स्क्रीन एलसीडी, म्हणजे मागून दिवा असलेली, आहे. तिचा काळा रंगही थोडा प्रकाश गळू देतो. ओएलईडीवर काळा पिक्सेल पूर्ण विझतो, तिथे ही कटकट नाही.

मे महिन्यात आपल्याकडे टाकीचं पाणी चटका देतं. डेव्हलपरचा ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवून 20 अंशांवर आणा, मगच कागद बुडवा.