आधी गच्ची, मग खिडकीची चौकट, काच शेवटी

वर्सोव्यातील आपल्या सात मजली, पंचवीस वर्षे जुन्या इमारतीबद्दल आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: वादळाचा इशारा आला की काचांवर चिकटपट्टी लावावी का, बाहेरून प्लायवूड ठोकावे का, आणि सोसायटीने सर्व सदनिकांत टफन्ड (उष्णतेने कणखर केलेली) काच बसवण्यासाठी वर्गणी काढावी का. सोसायट्यांच्या दुरुस्तीची कामे बरीच वर्षे केल्यावर माझे मत असे झाले आहे की हातातले पहिले पैसे गच्चीवर आणि खिडक्यांच्या चौकटींवर खर्चावेत. काच फोडणारी वस्तू बहुतेक वेळा शेजारच्या किंवा आपल्याच गच्चीवरून सुटलेली असते, आणि तिचा बंदोबस्त काच बदलण्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात होतो.

आधी वाऱ्याचे गणित पाहू. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ मुंबईच्या पश्चिमेकडून समुद्रातूनच उत्तरेला गेले, तरी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटर वेगाचा झोत नोंदला गेला. या वेगाला दर चौरस मीटरमागे सुमारे ६० किलो इतका दाब येतो, म्हणजे पाच फूट बाय चार फूट खिडकीवर एकशे दहा किलोच्या आसपास. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. इमारतींवर वाऱ्याचा भार किती धरावा हे सांगणाऱ्या भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे, आणि त्या वेगाला हाच दाब जवळजवळ दुप्पट होतो. तौक्ते सोसून आमची इमारत उभी राहिली, आता चिंता नाही, असे सभेत कोणी म्हणाले तर हा आकडा पुढे ठेवावा.

आता गच्ची. गळती थांबावी म्हणून घातलेली पत्र्याची शेड बहुतेक इमारतींवर असते, आणि ती बांधणारा फॅब्रिकेटर पावसाचा विचार करतो, वाऱ्याचा सहसा करत नाही. बाजूंनी उघड्या शेडला वारा खालून ढकलतो आणि वरून ओढतो. पत्र्याचे स्वतःचे वजन चौरस मीटरला चार-पाच किलो, तर वर उचलणारा जोर तौक्तेच्या वेगाला साठ किलोच्या घरात. दहा फूट बाय वीस फुटांच्या शेडचा हिशेब केला तर सुमारे एक टनाचा जोर तिला उचलू पाहतो, आणि तिला धरून ठेवणारे असतात ते केवळ स्क्रू, जे-बोल्ट (पत्रा धरणारे आकड्यासारखे बोल्ट) आणि खांबांच्या तळपट्ट्या. छपराच्या कडा आणि कोपरे येथे ओढ मधल्या भागापेक्षा कितीतरी जास्त असते; पत्रे नेहमी कोपऱ्यातून सोलले जातात ते त्यामुळेच. म्हणून कडेच्या दोन रांगांत स्क्रू दाट हवेत आणि प्रत्येकाखाली रुंद वॉशर हवा, कारण पुष्कळदा स्क्रू जागच्या जागी राहतो आणि पत्राच भोक मोठे करून निसटतो. गंजलेल्या स्क्रूचे डोके वरून शाबूत दिसते. पाना लावून एक पिळा दिला की ते हातात येते. खांबांचे अँकर बोल्ट काँक्रीटच्या स्लॅबमध्ये गेले आहेत की केवळ वॉटरप्रूफिंगच्या कोब्यात अडकले आहेत, हे एखादा काढून पाहिल्याशिवाय कळत नाही. पत्र्यावर वजन म्हणून विटा आणि जुने टायर ठेवण्याची पद्धत तर ताबडतोब बंद करावी. पत्रा उचलला गेला की त्या विटा समोरच्या इमारतीच्या दिशेने निघतात.

शेडखेरीज रिकाम्या पाण्याच्या टाक्या, त्यांची झाकणे, न वापरातले डिश अँटेना, रंगकामातले उरलेले बांबू, कुंड्या, सौर पॅनेल हे सारे तपासावे. भरलेली टाकी जागची हलत नाही, रिकामी उडते. इशारा आला की टाक्या काठोकाठ भरून ठेवाव्यात, पुढे वीज गेली तर ते पाणी कामालाही येते. बॉक्स ग्रिलमधल्या कुंड्या घरात घेण्यावरून सभासदांशी वाद होईल, तो करावा.

आणखी एक बाब आपल्याकडे हमखास सुटते. पावसाळ्याच्या सवयीने आपण पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या खिडक्यांना छज्जे, शेड आणि सीलंट लावतो. चक्रीवादळाचा वारा मात्र केंद्राभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. वादळ समुद्रातून उत्तरेकडे सरकत असेल तर मुंबईला वारा आधी पूर्व-आग्नेयेकडून येतो आणि मग दक्षिणेकडे वळतो. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळासारखे वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर चढले की तो पूर्वेकडून ईशान्येकडे आणि उत्तरेकडे फिरतो. जी मागची बाजू आपण सुरक्षित समजतो, तिच्याही चौकटी तपासायला हव्यात.

स्लायडिंग खिडकीत काच फुटण्याआधी सरकता पल्लाच निसटणे किंवा सबंध चौकट बाहेर येणे असे प्रकार होतात. अ‍ॅल्युमिनियमची चौकट अनेकदा प्लास्टरमध्ये ठोकलेल्या प्लगवर उभी असते आणि खाऱ्या हवेने तिचे स्क्रू खाल्लेले असतात. खिडकी बंद करून चौकटीच्या मध्यावर तळहाताने दाबावे आणि भिंतीलगतच्या सीलंटच्या रेघेकडे पाहावे. रेघ उघडमीट करत असेल तर चौकट सुटली आहे. पल्ला वर उचलून पाहावा, तो खालच्या रुळातून बाहेर येत असेल तर झिजलेले रोलर बदलून वर अडकण बसवावी.

काचेविषयी थोडक्यात. टफन्ड काच वाऱ्याचा दाब साध्या काचेपेक्षा चांगला सोसते, पण पत्र्याची धार लागली की तिचा क्षणात भुगा होतो आणि खिडकीच्या जागी भोक उरते. त्या भोकातून वारा आत शिरतो, घराच्या आतला दाब वाढतो आणि विरुद्ध बाजूच्या खिडक्या बाहेर फेकल्या जातात. पत्र्याच्या किंवा कौलारू घराचे तर छप्परच जाते. मोटारीच्या पुढच्या काचेसारखी दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असलेली लॅमिनेटेड काच तडकते, पण जागेवर राहते. ऑगस्ट १९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर दक्षिण फ्लोरिडाने नियम बदलले, ते याच विचाराने: तेथे खिडकीवर सुमारे चार किलोचा लाकडी वासा ताशी पंचावन्न किलोमीटर वेगाने आदळवतात आणि नंतर हजारो वेळा दाब कमी-जास्त करून ती उघडी पडते का हे पाहतात. वर्गणी काढायचीच असेल तर लॅमिनेटेड काचेसाठी काढावी, आणि तीही चौकटी पक्क्या झाल्यावर. काचेवर चिकटवायची सेफ्टी फिल्म तुकडे धरून ठेवते. ती चौकटीला जखडलेली नसेल तर सबंध काच फिल्मसकट आत येऊ शकते.

चिकटपट्टीने काच मजबूत होत नाही, उलट तुकडे मोठे आणि अधिक घातक पडतात. दर वादळाला तरीही वाहिन्यांवर ती दिसते, याचे मला नवल वाटत आले आहे. दाब समान व्हावा म्हणून विरुद्ध बाजूची खिडकी उघडी ठेवण्याचा सल्लाही चुकीचा आहे. प्लायवूड हा एक-दोन मजली घरांचा उपाय आहे. सातव्या मजल्यावर आयत्या वेळी बाहेरून ते ठोकायला माणूस लटकवणे हा काच फुटण्यापेक्षा मोठा धोका आहे.

माणसांनी जोराच्या काळात खिडक्या नसलेल्या आतल्या पॅसेजमध्ये थांबावे, खोल्यांची दारे लावून घ्यावीत, आणि पलंग खिडकीपासून सरकवावा. लिफ्ट बंद ठेवावी. व्हिडिओसाठी गॅलरीत उभे राहू देऊ नये. मोटार झाडाखाली किंवा जाहिरात फलकाखाली नसावी: १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला १२० फूट बाय १२० फुटांचा फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसे गेली, आणि ते चक्रीवादळ नव्हते, धुळीचे वादळ होते. आवारातल्या धोकादायक फांद्यांसाठी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे आधीच अर्ज द्यावा, कारण परवानगीविना छाटता येत नाही.

अरबी समुद्रातली वादळे मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात, आणि एप्रिलनंतर वॉटरप्रूफिंगच्या गर्दीत चांगला कंत्राटदार मिळत नाही. म्हणून फेब्रुवारीत निविदा काढावी. संरचनात्मक तपासणी करणाऱ्या अभियंत्याकडून निविदेत शेड आणि खिडक्यांसाठी वाऱ्याचा दाब आकड्यांत लिहून घ्यावा, आणि गच्चीवरचे दोन-चार अँकर आपल्यासमोर ओढून तपासले जातील अशी अट घालावी. या अटीला जो कंत्राटदार नकार देतो, त्याचा दर कितीही कमी असला तरी त्याला काम देऊ नये.