तुझ्या आराखड्यात कुणबिणी कुठे आहेत?

प्रिय,

तू मार्क्सवादी आहेस की नाही, हे तुझ्या प्रबंधाच्या आराखड्यावरच्या त्या बैठकीत तुला विचारायचं कुणालाच काही कारण नव्हतं. पण घरी येऊन तोच प्रश्न तू स्वतःला विचारत बसावंस आणि वर मलाही विचारावंस, याचा मला जास्त राग आला.

एका परीक्षकांचा शेरा असा की तुझी सैद्धांतिक चौकट जुनाट आहे, हल्ली मार्क्स कोण वाचतो. दुसऱ्यांचं म्हणणं, अठराव्या शतकातल्या वतनदारीवर लिहायचं आणि त्यात 'सरंजामशाही' एकदाही येत नाही म्हणजे काय? आता तुला वाटायला लागलंय की दोघांपैकी एकाच्या तंबूत शिरल्याशिवाय प्रबंध पुढे सरकणार नाही. मला विचारशील तर दोघांनीही तुझे कागद पाहिलेले नाहीत. आराखड्याच्या शेवटी तू जमाखर्चाचे जे उतारे जोडलेस ते कुणी उलटूनही बघितले नसणार. मी बघितले. त्यातल्या एका नोंदीसाठी हे पत्र लिहायला घेतलं, पण तिथवर पोचण्याआधी तुझ्या डोक्यात ओतलेला गाळ उपसायला हवा.

मार्क्सकडून इतिहासकाराने काय घ्यायचं? विचारायची सवय. शेतात जे पिकतं त्यातलं कसणाऱ्याच्या घरी किती राहतं, बाकीचं कोण नेतं, कुठल्या हक्काने नेतं, आणि तो हक्क कुणी मोडला तर त्याचं काय होतं. हे आधी कुणी विचारलं नव्हतं असं नाही. जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला 1883 साली, मार्क्स वारला तेही त्याच वर्षी, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. जोतीरावांनी तर नेणाऱ्यांच्या रांगेत कुलकर्ण्याला आणि भिक्षुकाला उजेडात आणून उभं केलं. मार्क्समुळे झालं ते एवढं, की हा प्रश्न प्रत्येक काळाला आणि प्रत्येक राजवटीला शिस्तीने विचारला जाऊ लागला. वंशावळी आणि लढायांच्या तारखा मांडून मोकळ्या होणाऱ्या इतिहासाला त्यानंतर सुखाने झोप लागलेली नाही. आज मार्क्सला शिव्या घालणारेही साऱ्याचे दर काय होते आणि रयत गाव सोडून का गेली, हे लिहितात. ही सवय कुठून आली असं त्यांना विचारू नकोस, उगाच दुखावतील.

म्हणून प्रश्न त्याच्याकडून खुशाल घे. उत्तर मात्र कागदातूनच काढ. मी हे पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलास तरी.

खुद्द मार्क्सचंच बघ. 1853 मध्ये न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून'मध्ये त्याने भारतावर लेख लिहिले. हाताशी होते ते इंग्रजांचे अहवाल. त्यावरून त्याने स्वयंपूर्ण, गोठलेल्या, युगानुयुगे न बदलणाऱ्या खेड्याचं चित्र काढलं आणि या समाजाला इतिहासच नाही, निदान ज्ञात इतिहास नाही, असं लिहून टाकलं. मार्क्सचं हे म्हणणं जसंच्या तसं घेता येणार नाही, हे 1956 साली कुणी सांगितलं? दामोदर कोसंबींनी, स्वतः मार्क्सवादी असलेल्या माणसाने. आणि आधार काय दिला? मीठ आणि धातू. बहुतेक खेड्यांत यातलं काहीच तयार होत नव्हतं, दोन्ही बाहेरून आणावं लागे, म्हणजे देवघेव आली, देवघेवीपुरतं उत्पादन आलं. गावात लोहार होता, पण त्याच्या भात्यापुढे येणारं लोखंड गावचं नव्हतं. एवढ्या साध्या गोष्टीपुढे 'स्वयंपूर्ण खेडं' टिकत नाही.

कोसंबी गणिती होते, हे लोक कौतुकाने सांगतात आणि पुढे काहीच सांगत नाहीत. त्यांनी जुन्या आहत, म्हणजे ठसे मारलेल्या, नाण्यांची वजनं घेतली. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, तेव्हा झिजेवरून ते किती काळ फिरलं याचा अंदाज करता येतो. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या तुडवून त्यांनी सूक्ष्म पाषाणहत्यारं गोळा केली, रानातल्या देवींची ठाणी आणि जुन्या वाटा यांचा मेळ घातला. कार्ले-भाजे-जुन्नरची लेणी त्यांना व्यापाराच्या वाटांवर दिसली, कारण तिथल्या दानलेखांत दान देणारे व्यापारी आणि कारागीर आहेत. हा माणूस सिद्धांत खिशात ठेवून फिरायचा, डोळ्यांवर बांधून नाही.

याच माणसाने 1949 साली कम्युनिस्ट नेते डांग्यांच्या प्राचीन भारतावरच्या पुस्तकाचं काय केलं ते वाच. आदिम साम्यवाद, मग गुलामी, मग सरंजामशाही, मग भांडवलशाही ही शिडी 1938 च्या सोव्हिएत पाठ्यपुस्तकाने पक्की केली होती आणि डांग्यांनी प्राचीन भारताला तिच्या पहिल्या दोन पायऱ्यांवर चढवलं. भांडारकर संस्थेच्या नियतकालिकात कोसंबींनी त्या पुस्तकाच्या चिंध्या केल्या. दोघेही एकाच विचाराचे! कोसंबींचा मुद्दा असा, की मार्क्सवाद हे विश्लेषणाचं हत्यार आहे, विचार करण्यातून मिळालेली सुटका नाही, आणि हत्यार चालवायला योग्य सामग्री लागते. ते परीक्षण वाचल्यावर मला कुठल्याही तंबूची गरज उरली नाही. तुलाही उरू नये.

आता तुझ्या दुसऱ्या परीक्षकांकडे येऊ. सरंजामशाहीचा वाद तू नीट वाचलेला दिसत नाहीस. रामशरण शर्मांनी 1965 मध्ये ताम्रपटांतल्या भूदानांवरून, घटलेल्या व्यापारावरून, दुर्मिळ झालेल्या नाण्यांवरून भारतीय सरंजामशाही मांडली. 1979 मध्ये हरबन्स मुखियांनी भारतीय इतिहास परिषदेत विचारलं की इथला शेतकरी युरोपातल्या भूदासासारखा बांधलेला होता का? मग नाणी खरंच कमी झाली होती का यावरही लोक तुटून पडले. या वादात 'हो' म्हणणाऱ्याला गुण मिळतात असं तुझ्या परीक्षकांना वाटत असेल, पण त्यातली कमाई वेगळीच आहे. वादामुळे दोन्ही बाजूंना पुन्हा ताम्रपटांकडे, नाण्यांच्या ढिगाकडे, उत्खननांकडे जावं लागलं.

तुझ्या कागदांत काय आहे? जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असलेला मिरासदार आहे, तसा हक्क नसलेला उपरी आहे. ओसाड पडलेल्या गावाला पुन्हा वस्ती व्हावी म्हणून चढत्या साऱ्याचा कौल, म्हणजे आधी कमी आणि पुढे वाढत जाणाऱ्या साऱ्याचा करार, दिलेला आहे. रयत उठून जाऊ शकत होती आणि सरकारला तिची मनधरणी करावी लागत होती, हे त्या कौलातच लिहिलंय. त्याच रुमालात, कागदांच्या त्याच गाठोड्यात, वेठही आहे. महारांनी लाकूडफाटा वाहायचा, ओझी न्यायची, किल्ल्याचं काम करायचं. म्हणजे एक माणूस गाव सोडू शकतो आणि दुसऱ्याच्या मानेवर जातीने जोखड आहे. याला एकच नाव देण्याची घाई तुला कशाला? आधी कोण कुणाची किती वेठ करतं हे मांड. नाव नंतर देता येईल, नाही दिलं तरी चालेल.

आणि ती नोंद. किल्ल्याच्या कोठीकडच्या खर्चात, धान्य-तेलाच्या मध्ये, कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, पोटगीचा आणि लुगड्यांचा खर्च पडलेला आहे. तू तो उतरवून घेतलास, तुझ्या मोडीला दाद देते, आणि मग आराखड्यात त्या बायकांचा एका शब्दाने उल्लेख नाही! का? 'उत्पादन-संबंध' या प्रकरणात फक्त शेतकरी बसतो, म्हणून. हे शिडीचं काम. शिडी सांगते गुलामी प्राचीन काळात आली आणि संपली. पेशवाईचे कागद सांगतात की कुणबिणी विकत घेतल्या जात, दिल्या जात, आणि बदअमलाचा, म्हणजे व्यभिचाराचा, ठपका आलेल्या बाईलाही सरकार कुणबीण करून कामाला लावत असे. दळण, कांडण, पागेतलं काम कोण करत होतं? त्या श्रमाचा हिशेब कुठे लागला? कंपनी सरकारने कायद्याने गुलामीची मान्यता काढली ती 1843 मध्ये, तोवर ही व्यवस्था चालत होती. मार्क्सचा प्रश्न इथे चपखल लागू पडतो आणि मार्क्सच्या नावाने छापलेलं उत्तर इथेच आपटतं. तुझा प्रबंध या फटीत आहे. आणि तू मला विचारतोस, मी कुठल्या पंथाचा!

जातीचंही तेच. 'जात म्हणजे वरचा इमला, पाया म्हणजे वर्ग' असं म्हणून आपल्याकडे पुष्कळांनी झाकून नेलं. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 मध्ये लिहून ठेवलं होतं. ते इतिहासलेखनात मुरायला किती उशीर झाला! शरद पाटलांनी 1978 मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष सोडला आणि 1982 मध्ये 'दास-शूद्रांची गुलामगिरी' आणली, ती या भांडणातूनच. त्यांच्या व्युत्पत्त्या मला पुष्कळदा पटत नाहीत, पण जातीला डावलून इथला वर्ग सापडत नाही, हे त्यांनी ज्या हट्टाने लावून धरलं तो हट्ट मला प्यारा आहे.

1875 चं पुणे जिल्ह्यातल्या सुप्याचं बंड घे. कापसाची तेजी ओसरलेली, सारा वाढवलेला, कर्ज थकलेलं. शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे हिसकावून जाळले. वर्गसंघर्षाचा इतका स्वच्छ नमुना शोधून सापडायचा नाही. पण रोख मारवाडी-गुजर सावकारांवर होता आणि ब्राह्मण सावकार अनेक ठिकाणी सुटले, हे सोडून कसं चालेल? एक लक्षात घे, त्यांनी माणसं मारण्यापेक्षा कागद जाळले. कागद कुणाच्या बाजूने लिहिला जातो हे त्यांना तुझ्या-माझ्याहून चांगलं कळत होतं. तेव्हा मी कागद-कागद करते त्याचा अर्थ कागदावर विश्वास ठेव असा काढू नकोस. तो कुलकर्ण्याने लिहिला, कुणासमोर लिहिला, कुणाचा हक्क शाबीत करायला लिहिला, हेही विचार. पण विचारण्यासाठी तो आधी वाचावा लागतो.

माझ्याविषयी तू काही ऐकलं असशील. मी कुठल्याच बाजूची नाही, सोयीस्कर आहे, असं माझ्या पाठीमागे बोललं जातं. 1991 मध्ये सोव्हिएत युनियन गेला तसे माझ्या ओळखीतले कित्येक रातोरात मार्क्सला विसरले, आणि त्यांच्याच जुन्या वर्गातले मला विचारू लागले की तू अजून साऱ्याचे आकडे काय मोजतेस, आता संहिता वाचायच्या असतात. वंचितांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी इटालियन मार्क्सवादी ग्राम्शीचा 'सबॉल्टर्न' हा शब्द उचलला तेव्हा त्याची मुळं कुठल्या मातीत आहेत हेही त्यांना आठवेना. एका संस्थेने माझा प्रकल्प परत पाठवला, 'लेखिकेची वैचारिक भूमिका स्पष्ट नाही' असा शेरा मारून. भूमिका स्पष्ट होती. ती पहिल्या पानावर घोषणेसारखी लिहिलेली नव्हती, इतकंच. मोठं पुस्तक माझ्या हातून झालं नाही, हेही खरं. पण ज्यांची झाली त्यांच्या तळटिपांत माझी वाचनं आहेत, मोडीतून मी लावलेल्या ओळी आहेत, बऱ्याचदा नावाशिवाय. असो. हे तुला सांगायचं नव्हतं.

खंत एकच सांगते, कारण ती तुझ्या कामाची आहे. मला फारसी येत नाही. पेशवाईच्या आधीच्या दख्खनी सुलतानांच्या फर्मानांपुढे मी आजही दुसऱ्यांच्या भाषांतरावर विसंबते. माझी फारसीची वर्षं या असल्या, कोण खरा मार्क्सवादी आणि कोण खोटा, या भांडणांनी खाल्ली. इरफान हबीबांच्या मुघलकालीन शेतीव्यवस्थेवरच्या 1963 च्या ग्रंथावर तावातावाने बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यामागचे फारसी कागद पाहिले असतील? ते निष्कर्ष खोडायचे तरी त्याच कागदांपर्यंत जावं लागतं.

तेव्हा आता असं कर. सैद्धांतिक चौकटीचं ते लांबलचक प्रकरण काढून टाक, दोन पानांत आटप. पहिल्या परीक्षकांना कुणबिणींची नोंद दाखव आणि विचार, यात जुनाट काय आहे. दुसऱ्यांना कौल आणि वेठ शेजारी शेजारी ठेवून दाखव. दोघेही पुरते खूश होणार नाहीत, त्याची तयारी ठेव. त्या कोठीच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षांचे ताळेबंद त्याच रुमालात असायला हवेत. त्यांत कुणबिणींची संख्या वाढते की घटते, त्यांची नावं आहेत का, कुठून आल्या ते लिहिलंय का, एवढं काढ आणि मोडीच्या छायाचित्रांसकट मला पाठव. नुसतं लिप्यंतर पाठवू नकोस, तू 'कुणबीण' आणि 'कुणबी' यांत घोटाळा केला असशील तर मला तो पकडायचा आहे.

फारसीच्या वर्गाला पुढच्या सत्रात नाव घाल. वेळ नाही म्हणून सांगायचं असेल तर त्या परीक्षकांना सांग, मला नको.

तुझी,
बाई