बिल येण्याआधीच कार्डाचे पैसे भरावेत का?

प्रश्न (सप्टेंबर २०२५): मी नाशिकला खासगी नोकरीत आहे. पगार १ तारखेला होतो. क्रेडिट कार्डाची मर्यादा १ लाख रुपये आहे. किराणा, पेट्रोल, वीजबिल, मुलांच्या शिकवण्या असा महिन्याला साधारण ५० हजारांचा खर्च कार्डावर होतो. त्यात पत्नीच्या ॲड-ऑन (माझ्याच खात्याला जोडलेल्या) कार्डाचा खर्चही आला. बिल १८ तारखेला निघते आणि ६ तारखेपर्यंत भरायचे असते. मी ६ तारखेला पूर्ण बिल भरतो, आजवर एकदाही चुकलेले नाही. तरी सिबिल स्कोअर ७३५ च्या पुढे सरकत नाही. डिसेंबरमध्ये ४० लाखांच्या गृहकर्जासाठी अर्ज करायचा आहे. मित्र म्हणतो, बिल येण्याआधीच पैसे भरत जा. तसे करावे का? शिवाय दिवाळीत ४५ हजारांचा फ्रिज कार्डावर हप्त्याने घ्यायचा विचार आहे.

उत्तर: कर्जाचे पैसे हातात पडेपर्यंत आधी भरा, पण मित्र म्हणतो तसे नुसती बिलाची तारीख पाहून नाही. तुमच्या बाबतीत बिलाच्या १८ तारखेपेक्षा महिन्याची १५ तारीख आणि शेवटचा दिवस जास्त महत्त्वाचे आहेत.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ जानेवारी २०२५ पासून बँकांना कर्जदारांची माहिती निदान दर पंधरवड्याला सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही पतमाहिती संस्थांकडे (कर्जदाराचा स्कोअर याच काढतात) पाठवावी लागते. सध्याच्या (सप्टेंबर २०२५) नियमाप्रमाणे ही माहिती १५ तारखेची आणि महिनाअखेरची असते. त्या दिवशी कार्डावर किती बाकी होती ते या संस्थांकडच्या तुमच्या अहवालात जाते. ती तुम्ही पुढे वेळेवर फेडणार आहात, हे त्या आकड्यात दिसत नाही.

आता तुमचा हिशेब मांडू. रोजचा खर्च सरासरी १,६५० रुपयांच्या आसपास येतो. १८ तारखेला ५० हजारांचे बिल निघाले, ते तुम्ही ६ तारखेला भरणार. मधल्या ३० तारखेला जुने ५० हजार उभेच असतात आणि १९ पासूनच्या बारा दिवसांचे २० हजार त्यावर चढतात. म्हणजे १ लाखाच्या मर्यादेवर ७० हजारांची बाकी. पुढे ६ तारखेला बिल भरल्यावरही १५ तारखेपर्यंत सत्तावीस दिवसांचे ४५ हजार साचलेले असतात. एक पैसाही न थकवता तुमचा मर्यादेचा वापर कधी ७० टक्के, कधी ४५ टक्के दिसतो आहे. वापर ३० टक्क्यांच्या आत ठेवावा असे सांगितले जाते. तो काही सरकारी नियम नाही, पण ७० टक्के हा आकडा कर्ज देणाऱ्याच्या डोळ्यांत भरतो, हे नक्की.

उपाय दोन भरण्यांचा आहे. पहिला १२ तारखेच्या सुमारास. तोवर जमलेले साधारण ४० हजार भरून टाका. १५ तारखेला बाकी ५ हजारांच्या आसपास राहील आणि १८ चे बिल १० हजारांचे येईल. दुसरा भरणा २५ तारखेला, त्या १० हजारांचा. मग महिनाअखेरीस फक्त चालू खर्चाचे २० हजार दिसतील. तुमच्या बँकेने बिलातली बाकी कळवली, तरी तो आकडा १० हजारांचाच असेल.

यात लोक कुठे फसतात ते नीट लक्षात घ्या. १२ तारखेला ४० हजार भरले की 'या महिन्याचे झाले' असे वाटते. पण १८ तारखेला निघालेले १० हजारांचे बिल स्वतंत्र आहे. बिल निघण्याआधी भरलेली रक्कम त्या बिलाची बाकी कमी करते. नंतर जी 'एकूण देय' आणि 'किमान देय' रक्कम छापून येते, तिच्यात आधीच्या भरण्याची सूट पुन्हा मिळत नाही. ती ६ तारखेपर्यंत भरली नाही तर विलंब शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी आणि खरेदीच्या दिवसापासून व्याज लागते. अनेक कार्डांवर हा व्याजदर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात, म्हणजे वर्षाला ४२ टक्के असतो. शिवाय नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय बँकेला खाते थकीत म्हणून कळवता येत नाही की विलंब शुल्क लावता येत नाही. एवढी सवलत आहे, पण तिच्यावर विसंबू नका. कारण एकदा थकल्याची नोंद झाली की ती अहवालात ३६ महिने दिसते, आणि वापराची टक्केवारी सुधारून जे कमावले त्याच्या कितीतरी पट नुकसान होते.

म्हणून बचत खात्यावर 'एकूण देय रकमे'चे ऑटो-पे (आपोआप भरणा) चालू ठेवा. मात्र २५ तारखेला हाताने भरल्यानंतर ऑटो-पे उरलेलीच रक्कम कापते की बिलाची पूर्ण रक्कम, हे बँकेला विचारून घ्या. काही ठिकाणी पूर्ण रक्कम पुन्हा कापली जाते. ती बुडत नाही, कार्डावर जमा राहते, पण तिच्यावर व्याज मिळत नाही.

भरताना ॲपमध्ये 'एकूण देय' न निवडता 'दुसरी रक्कम' निवडून आकडा स्वतः टाका. कार्ड आणि खाते एकाच बँकेचे असेल तर जमा बहुधा लगेच दिसते. दुसऱ्या बँकेतून किंवा यूपीआय ॲपमधून भरल्यास दोन-तीन कामाचे दिवस धरून चला. येत्या ऑक्टोबरमध्ये ११ ला दुसरा शनिवार आणि १२ ला रविवार आहे, तेव्हा १० लाच भरा.

आता पैशांची खरी अडचण. ६ ऑक्टोबरला जुने ५० हजार आणि १० ला पुन्हा ३७ हजारांच्या आसपास, म्हणजे एकाच पगारातून सुमारे ८७ हजार जातील. खर्च वाढलेला नाही, तोच पंचवीस दिवस आधी चुकता होतो आहे, पण पहिल्या महिन्यात तेवढी रोकड हाताशी लागते. डाउन पेमेंटसाठी बचत खात्यात ठेवलेल्या पैशांतून ती तात्पुरती वापरा. त्यासाठी मुदत ठेव मोडू नका. ओढाताण होत असेल तर १० ऑक्टोबरला २० हजारच भरा. डिसेंबरच्या अर्जासाठी १५ आणि ३० नोव्हेंबरचे आकडे जास्त मोलाचे. पंधरवडा संपल्यावर बँकेला सात दिवस आणि पतमाहिती संस्थेला त्यापुढे पाच दिवस मिळतात. म्हणजे ३० नोव्हेंबरची बाकी १२ डिसेंबरपर्यंत अहवालात यायला हवी. अर्ज त्यानंतरच करा. त्याआधी वर्षातून एकदा मोफत मिळणारा अहवाल काढा आणि कोणत्या तारखेची बाकी कळवली आहे ते पाहा.

आधी भरण्याची किंमत किती? ४० हजार पंचवीस दिवस आधी गेले तर बचत खात्याच्या अडीच टक्के दराने सुमारे ६८ रुपयांचे व्याज बुडते. दुसऱ्या बाजूला, अनेक बँकांचे गृहकर्जाचे दर स्कोअरच्या टप्प्यांवर ठरतात. ४० लाख, २० वर्षे, साडेसात टक्के असा हप्ता ३२,२२४ रुपये येतो. पाव टक्का जास्त लागला तर ३२,८३८. फरक महिन्याला ६१४ रुपयांचा, वीस वर्षांत १ लाख ४७ हजारांचा. स्कोअर अमुक इतका वाढेलच असे मी सांगणार नाही, कारण त्यात खात्यांचे वय आणि अलीकडच्या कर्जचौकशा यांचाही वाटा असतो. पण ६८ रुपयांत हा प्रयत्न जरूर करावा.

बँकेने स्वतःहून मर्यादा वाढवून देऊ केली असेल तर संमती द्या. १ लाखाची दीड लाख झाली की तोच खर्च कमी टक्क्यांत दिसतो. नवे कार्ड मात्र आता मागू नका, त्याची चौकशी अहवालात नोंदली जाते. कर्जाचे पैसे मिळाल्यावर हे दोन भरणे बंद करून पुन्हा देय तारखेच्या ऑटो-पेवर या. दर महिन्याला पूर्ण बिल भरणाऱ्याला एरवी आधी भरून काहीच मिळत नाही. अपवाद कार्डावरून काढलेल्या रोख रकमेचा. तिला बिनव्याजी मुदत नसते, त्यामुळे ती जितकी लवकर भराल तितके व्याज वाचते.

फ्रिजचा बेत पुढे ढकला. बिनव्याजी हप्त्यांचा व्यवहार असला तरी पूर्ण ४५ हजार मर्यादेतून अडकतात आणि दर महिन्याला हप्त्यापुरतेच मोकळे होतात. तुम्ही १२ तारखेला जादा पैसे भरलेत तरी सहसा ते न आलेल्या हप्त्यांना लागू होत नाहीत, कार्डावर नुसते जमा राहतात. शिवाय गृहकर्जाची पात्रता ठरवताना तो हप्ता तुमच्या चालू देण्यांत धरला जाईल. मंजुरीचे पत्र आले म्हणून लगेच दुकानात जाऊ नका. रक्कम देण्यापूर्वी बँक अहवाल पुन्हा काढून पाहू शकते. बिल्डरच्या खात्यात पैसे जमा झाले की मग फ्रिज घ्या.