सोलापुरातील छोट्या राजकीय नाट्यसंस्थेला लोकवर्गणीतून कशी मदत करावी?

कोणत्याही पक्षाचा किंवा प्रायोजकाचा पैसा न घेणारी नाट्यसंस्था लोकांच्या देणगीवर कशी टिकेल, असे आपण विचारले आहे. माझ्या मते एकदाच मिळालेल्या मोठ्या देणगीपेक्षा दरमहा शंभर रुपयांची वर्गणी अधिक मोलाची असते, कारण तालमीच्या जागेचे भाडे आणि टेम्पोचा खर्च दर महिन्याला उभाच राहतो, आणि साठ घरांतून सहा हजार रुपये खात्रीने येत असतील तर संहिता निवडताना कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.

विडी कामगारांच्या वस्तीत पथनाट्य संपल्यावर जमिनीवर पसरलेल्या सोलापुरी चादरीवर, तंबाखूचा वास लागलेल्या हातांनी दहा-दहाच्या नोटा टाकलेल्या मी पाहिल्या आहेत. ती रक्कम तिथेच, सर्वांसमोर मोजून जाहीर करावी. त्यातून जो विश्वास निर्माण होतो, तो कोणत्याही आवाहनाने होत नाही. लाल बावटा कलापथकाचे शाहीर अमर शेख याच जिल्ह्यातील बार्शीचे होते, त्यामुळे श्रमिकांसाठीची कला येथे उपरी नाही.

पावती मात्र प्रत्येक देणगीची द्यावी. करसवलत हवी असल्यास संस्थेला आयकर विभागाची तशी मान्यता आहे का, हे देणगीदाराने आधी विचारावे; २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर ती मिळत नाही. ज्यांना पैसे देणे शक्य नसेल, त्यांनी तालमीसाठी संध्याकाळी दोन तास आपली गच्ची दिली, तरी भाड्याचा मोठा भार हलका होतो.